कडी वाजली

माझ्या वडिलांना दोन आवाज होते. एक घरातला आणि एक चर्चमधला. घरातला आवाज नगरकडचा, मोकळा, जरा फाटका. त्यात 'लई' आणि 'व्हय' असायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नकला असायच्या आणि हसताना मधेच खोकला यायचा. चर्चमधला आवाज पोटातून यायचा. संथ, जड, एकेक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा. लहानपणी मला वाटायचं, पाळक व्हायला शिकायला जातात म्हणजे हा आवाज शिकायलाच जात असणार.

पाळक म्हणजे पास्टर. आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांत पाळकसाहेब म्हणतात. पप्पा मोहन्याला पाळक होते. चर्च लहानसं, कौलारू. मंडळी बहुतेक नगर-जालन्याकडून कारखान्यात कामाला आलेली, काही आंबिवलीची रेल्वेतली कुटुंबं. चर्चच्या मागे आमच्या दोन खोल्या आणि मधे एक लोखंडी फाटक. त्या फाटकाची कडी अशी वाजायची की कुणी कितीही हळू उघडली तरी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची.

पप्पा घरी लुंगी-बनियनवर असायचे. मासे त्यांना स्वतः साफ करायला आवडायचे. मोरीपाशी पाटावर बसून मांदेली साफ करत ते चर्चच्या पंच कमिटीतल्या एकेकाची नक्कल करायचे आणि आई पोळ्या लाटता लाटता हसून बेजार व्हायची. तेवढ्यात फाटक वाजायचं. आई म्हणायची, "अहो, कडी वाजली."

मग जे व्हायचं ते मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटूनही दिसतं. पप्पा उठायचे, साबणाने हात धुवायचे, खुंटीवरचा सदरा घालायचे, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावायचे. येणारा माणूस अंगण ओलांडून दारात येईपर्यंत घरातला माणूस नाहीसा झालेला असायचा. "सलाम, या, बसा," असं तो दुसरा आवाज म्हणायचा. पाहुण्याला मांदेलीचा वास यायचा की नाही देव जाणे. कुणी कधी बोललं नाही.

माझ्या नाकावर राग लहानपणापासूनचा. मला त्या सदऱ्याचा भयंकर राग यायचा. मी एकदा आईला विचारलं, "पप्पा खोटं का वागतात?" आई म्हणाली, "खोटं नाही गं. लोक त्यांचं दुःख घेऊन येतात. समोर बनियन दिसलं तर सांगतील का?" मला ते अजिबात पटलं नाही. मी म्हटलं, आपले पप्पा इतके मजेशीर आहेत आणि ते कुणालाच माहीत नाही, याचा काय उपयोग? आईने पुढची पोळी लाटायला घेतली. तिला उत्तर माहीत होतं. मला ते बऱ्याच वर्षांनी, तुकड्यातुकड्याने कळलं.

पप्पा सुरुवातीला असे नव्हतेच म्हणे. आम्ही मोहन्याला नवीन होतो तेव्हा ते संध्याकाळी समोरच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत कॅरम खेळायला जायचे. कारखान्यातून सुटून आलेली माणसं तिथे जमायची, सगळ्या जातीधर्मांची. पप्पांचा हात चांगला होता. एकदा क्वीन अगदी खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि पप्पा ओरडले, "आयला!" नेमके त्याच वेळी आमच्या चर्चचे एक पंच खिडकीपाशी उभे होते. पंच म्हणजे मंडळीने निवडलेले कारभारी. हे पंच कारखान्यात फोरमन होते, मिशाळ, शिस्तीचे. पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "पाळकसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ज्या तोंडानं आशीर्वाद देता त्याच तोंडानं हे? हे बरं नाय दिसत." पप्पांनी माफी मागितली आणि कॅरम सोडला.

हे एवढं असतं तर कदाचित निभावलं असतं. खरी गोष्ट पुढची.

आमच्यात प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या रविवारी, असं मानतात की कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करावा आणि मगच ते घ्यायला पुढे जावं. त्या एका रविवारी पप्पा उपदेश करता करता थांबले. म्हणाले, मी तुम्हाला हे सांगतोय, पण काल माझं आणि माझ्या पत्नीचं भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही, मग मी इथे कोणत्या तोंडाने उभा राहू? आणि ते पुलपीटवरून खाली उतरले, पहिल्या बाकापाशी आले आणि सगळ्यांसमोर आईला हात जोडून म्हणाले, "मला माफ कर."

मी आईच्या शेजारी होते. लहान होते, पण ते माझ्या लक्षात आहे. चर्चमध्ये पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मागच्या बायका रडायला लागल्या. ते फोरमन पंचसुद्धा रुमालाने डोळे पुसत होते. फक्त आई खाली मान घालून बसली होती. पदर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मग तिने मान हलवली, हो अशी, आणि पप्पा परत वर गेले.

मंडळीत त्या रविवारचं फार कौतुक झालं. असा पाळक पाहिला नाही, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकाची कडी वाजायला लागली. बायका आईकडे यायच्या, चहा घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, "भांडण कशावरून गं झालेलं?" कुणी विचारलं, हात उचलतात का. कुणी म्हणालं, आम्हाला सांग, आम्ही काय परक्या आहोत का. बाजारात, नळावर, बालवाडीत, जिथे ती शिकवायची आणि जिथे सगळे तिला बाई म्हणायचे, सगळीकडे तेच. आईने कुणालाही काही सांगितलं नाही. भांडण कशावरून होतं ते मलाही आजपर्यंत माहीत नाही.

पप्पांना मात्र तिने सांगितलं. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते, मधे नुसता पडदा. ती म्हणाली, "माफी घरात मागायची होती. घरात मी नाही म्हणू शकले असते."

पप्पांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग घरच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

"यापुढे मला त्या पुलपीटवर न्यायचं नाही. माझं नाव नाही, माझं आजारपण नाही, माझा चांगुलपणासुद्धा नाही. तुमचं काय सांगायचं ते सांगा, माझ्यातलं सांगू नका."

"नाही नेणार," पप्पा म्हणाले.

आता बायको वगळून नवऱ्याने स्वतःचं काय सांगावं? संसारात दोघांचं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पप्पांनी मग स्वतःचंही सांगणं बंद केलं. तेव्हापासून सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लागायला लागली.

माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. कारखाना त्याआधीच बंद पडला होता, मंडळी पांगली होती. पप्पांची बदली ठाण्याला झाली, कोलशेतला. तिथे कौलारू चर्च नव्हतं. एका इमारतीत हॉल होता, एसी, माईक, मोठा पडदा. पाळकाला राहायला जवळच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. कडी नव्हती, चिमणीच्या आवाजाची बेल होती. आईला ती बेल आवडायची नाही. म्हणायची, अंगण नाही, यांना सदरा घालायला वेळच मिळत नाही.

कोलशेतची मंडळी वेगळी. टॉवरमध्ये राहणारी, शिकलेली, कंपनीत कामाला जाणारी मुलं. मोबाईलवर देशोदेशींचे पास्टर ऐकायची, जीन्स घालून स्टेजवर फेऱ्या मारत बोलणारे. त्यांच्यातला एक तरुण कमिटीवर होता. मनाने चांगला मुलगा, हे मला रागातही कबूल केलं पाहिजे. तो एकदा घरी आला आणि म्हणाला, "पास्टर, एक फीडबॅक देऊ का? तुमचं टीचिंग सॉलिड आहे, पण तुम्ही थोडे रिलेटेबल व्हा ना. तुमची स्टोरी सांगा. तुम्हाला कधी राग येतो, कधी डाउट येतो, वाइफशी भांडण होतं. म्हणजे यूथ कनेक्ट होईल."

मी त्या दिवशी तिथेच होते. आई चहाचा ट्रे घेऊन येत होती. भांडण हा शब्द ऐकून ती दारातच थांबली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या मुलाला पुलपीटच्या आवाजात म्हणाले, "प्रयत्न करतो."

तो गेल्यावर पप्पांनी त्याची अशी हुबेहूब नक्कल केली की आई सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यानंतर त्या घरात रिलेटेबल हा पप्पांना हाक मारायचा शब्दच झाला. "अहो रिलेटेबल, ताटं घ्या." मी म्हटलं, अहो, हेच करा ना तिकडे! हीच नक्कल करा, सगळा हॉल डोक्यावर घेईल तुम्हाला. पप्पा म्हणाले, "त्याला काय वाटंल?"

मग आई आजारी पडली. पोटाचा कॅन्सर, उशिरा कळला. तिने पप्पांना त्या शब्दाची परत आठवण करून दिली नाही. तशी गरजच नव्हती. पप्पांनी मंडळीत एवढंच सांगितलं की बाईंना बरं नाही, प्रार्थनेत आठवण ठेवा. बाकी एक अक्षर नाही.

घरात मात्र मी पाहिलं ते सांगते, कारण आता सांगितलं नाही तर ते कुणालाच माहीत राहणार नाही. पप्पा तिचे केस विंचरायचे, गळायला लागले तेव्हा गळालेले केस तिला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवायचे. तिला पेज भरवताना पंच कमिटीची पूर्ण बैठक करून दाखवायचे, सहा जणांचे सहा आवाज. पेज संपेपर्यंत बैठक संपायची नाही. कधी ती झोपली की स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहायचे आणि नळ सोडायचे. नळाचा आवाज थांबला की डोळे पुसून बाहेर यायचे. बेल वाजली की सदरा.

मंडळीत दोन मतं झाली होती. काहीजण म्हणायचे, पास्टर किती स्ट्राँग आहेत. काहीजण म्हणायचे, माणूस आहे की दगड? ही दोन्ही मतं मला येऊन सांगणारे होतेच. मला फक्त एवढंच हवं होतं की यांच्यातल्या एकाने तरी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून विचारावं, तुम्ही कसे आहात? बस. एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी मी त्या माणसाचे जन्मभर पाय धरले असते.

आई गेली.

आमच्यात मयताच्या घरी भेटायला जातात तेव्हा बसतात, दोन शब्द बोलतात, चहा होतो आणि शेवटी प्रार्थना करून उठतात. प्रार्थना झाल्याशिवाय उठणं म्हणजे उद्धटपणा. आणि खोलीत पाळक असला तर प्रार्थना पाळकानेच करायची. त्याच्यासमोर दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, हा मान. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्यातल्या लहान पोरालाही ते माहीत असतं.

तर लोक यायचे. बसायचे. बाई किती चांगल्या होत्या म्हणायचे. चहा घ्यायचे. कप खाली ठेवायचे. मग सगळे माना खाली घालायचे, डोळे मिटायचे आणि थांबायचे. कशाची वाट पाहतायत हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! ज्याची बायको गेली त्या माणसाच्या प्रार्थनेची ते वाट पाहत होते.

आणि पप्पा करायचे. गळ्यापर्यंत बटणं लावून, खुर्चीत ताठ बसून, त्या दुसऱ्या आवाजात. आलेल्यांची मुलं परीक्षेला असतील तर त्यांच्यासाठी, कुणाची नोकरी गेली असेल तर त्याच्यासाठी, घरी नीट पोचावेत म्हणून सगळ्यांसाठी. आमेन म्हणून लोक उठायचे, चपला घालायचे. लिफ्टपाशी जाणाऱ्यांना नवे येणारे भेटायचे. परत चहा, परत खाली माना. दिवसभर. आवाज बसला तरी. आपल्यासाठी त्यांनी एकदाही काही मागितलं नाही आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी मागितलं नाही. मोहन्याहून ते फोरमन पंच आले, म्हातारे झालेले, काठी टेकत. मला वाटलं, हे तरी! त्यांनीही कप खाली ठेवला आणि डोळे मिटले.

लोकांची रीघ जरा थांबली तेव्हा मी पप्पांना म्हटलं, "तुम्ही नाही का म्हणत नाही? सांगा ना त्यांना, मला जमत नाही, तुम्ही करा."

पप्पा माझ्याकडे पाहत राहिले. मी अगदीच अडाणी प्रश्न विचारला असावा तसे. म्हणाले, "मग ते जायचे कसे?"

"म्हणजे?"

"अगं, ते बिचारे अवघडून बसतात. काय बोलावं कळत नाही. उठता येत नाही. मी नाही केली तर ते घरी जायचे कसे?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि कप धुवायला घेतले. फार जोरात धुतले. एकाचा कान तुटला.

काही आठवड्यांनी तो कमिटीवरचा तरुण आला. डोळे खरंच भरलेले होते त्याचे. म्हणाला, "पास्टर, तुम्ही या सगळ्यातून कसे गेलात ते संडेला शेअर करा ना. तुमचं पेन. कॅन्सरमध्ये रोज काय काय झालं ते. लोकांना हील व्हायला मदत होईल. आपण रेकॉर्ड करू."

पप्पा म्हणाले, "नाही."

"थोडंसं तरी?"

"नाही."

कारण सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हणजे आईचं सांगणं. तो मुलगा दुखावला आणि निघून गेला. मग कमिटीत बोलणं झालं की पास्टर ओपन होत नाहीत, भिंत बांधून बसलेत, आजच्या पिढीला खराखुरा माणूस लागतो. वर कुठेतरी कळवलं गेलं. पप्पांची निवृत्ती जवळ आलेलीच होती, ती जरा अलीकडे आली. निरोपाच्या कार्यक्रमात शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. माझ्या मनात आलं होतं की उठून सगळ्यांना ओरडून सांगावं, हा माणूस तुमच्याशी खोटं वागला नाही, बायकोला दिलेला शब्द पाळत होता. पप्पांनी माझा हात दाबून धरला होता. तो सुटला नाही.

मी त्यांना डोंबिवलीला माझ्याकडे आणलं. आणि तिथे थोडे दिवस, अगदी थोडे, मला माझे पप्पा बाहेरच्या जगात दिसले. आमच्या इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये निवृत्त माणसं कॅरम खेळतात. कोकणातले, देशावरचे, एक-दोघं विहारात जाणारे. पप्पा एकदा बघत उभे राहिले तर कुणीतरी म्हणालं, "काका, येता का? पार्टनर कमी आहे." पप्पा बसले. तेव्हापासून रोज. लुंगीवर नाही, पण वरची दोन बटणं उघडी. एकदा मी भाजी घेऊन येत होते तर जिन्यातून ऐकू आलं, "आयला! गेली!" मी तिथेच थांबले. पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून जरा रडून घेतलं. आईला हे ऐकायला हवं होतं असं वाटत राहिलं.

मग एक दिवस मोहन्याच्या मंडळीतलं कुणीतरी आम्हाला भेटायला म्हणून आलं आणि पार्किंगमध्येच पप्पांना पाहून मोठ्याने म्हणालं, "सलाम पाळकसाहेब!" आणि वाकून हात हातात घेतला. कॅरमवरचे सगळे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पप्पा खाली गेले तेव्हा त्यांना चांगली खुर्ची दिली गेली. एकजण म्हणाला, "काय साहेब, आधी सांगायचं ना! आम्ही काय काय बोललेलो तुमच्यासमोर." त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी शिवी दिली नाही, कुणी सुनेची तक्रार केली नाही, क्वीन मुद्दाम त्यांच्यासाठी सोडली जाऊ लागली. आणि एकाने बाजूला घेऊन सांगितलं की मुलीचं बाळंतपण अडलंय, तुम्ही काही म्हणता ते म्हणा.

पप्पा वर आले, आईच्या फोटोसमोर जरा उभे राहिले आणि वरची दोन बटणं लावत म्हणाले, "कडी वाजली."

त्यानंतर ते खाली फारसे गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात हृदयाने साथ सोडली. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, तसेच.

कोलशेतला त्यांच्या जागी आलेला पास्टर तरुण आहे. जीन्स घालतो, लोक त्याला नावाने हाक मारतात, तोही आपली कर्जं, आपली चिडचिड सगळं स्टेजवर सांगतो. मी त्याला दोष देत नाही. त्याचं ऐकून काही मुलं मरायच्या विचारातून परत फिरली आहेत, हे मला माहीत आहे. पप्पा गेले त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला, अंत्यविधीला उपदेश तोच करणार होता. "दीदी, अंकलची ह्यूमन साइड सांगा ना, मला मेसेजमध्ये घ्यायचीय." आणि मी सांगितली. कॅरम, मांदेली, सहा जणांची बैठक, रिलेटेबल. मला वाटलं, आता तरी लोकांना कळू दे की कोण होता हा माणूस. आईचं मी काही सांगितलं नाही.

अंत्यविधीला डोंबिवलीच्या चर्चमध्ये पेटी पुढे ठेवली होती. पप्पांना पांढरा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं, वर पाळकाचा झगा. तो तरुण पास्टर बोलायला उभा राहिला आणि फार छान बोलला. 'आयला'ची गोष्ट सांगितली तेव्हा अख्खं चर्च हसलं. माझ्या मागच्या बाकावर ते फोरमन पंच होते, आता कमरेत पार वाकलेले. ते शेजारच्याला म्हणाले, "आयला, असे होते काय आपले पाळक? आम्हाला कधी कळलंच नाय." मला हसू आलं आणि काठी हिसकावून घ्यावीशीही वाटली.

मग तो पास्टर म्हणाला, "आणि एक गोष्ट मला मोहन्याच्या लोकांनी सांगितली." आवाज खाली आणला. "एका संडेला ते पुलपीटवरून उतरले…"

मी हात वर करून त्याला थांबवू शकले नाही. त्याने सगळं सांगितलं. भांडण, पहिला बाक, जोडलेले हात. आईचं नावही घेतलं. म्हणाला, याला म्हणतात ऑथेंटिक. लोक रडायला लागले. सगळ्यांचे डोळे पहिल्या बाकाकडे वळले आणि पहिल्या बाकावर मी होते. मी खाली मान घातली. ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. समोर पेटीत पप्पा होते, ज्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं इतकी वर्षं.

माती देऊन लोक माझ्या घरी आले. तरुण पास्टरला संध्याकाळची उपासना होती म्हणून तो कबरस्तानातूनच ठाण्याला गेला. खोली भरली. कुणी म्हणालं, किती जवळचे वाटले आज. कुणी म्हणालं, असं माहीत असतं तर मी कितीदा भेटायला आलो असतो. चहा झाला. कप खाली ठेवले गेले. आणि मग सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले, आणि सवयीने पप्पांच्या खुर्चीच्या दिशेने तोंड करून थांबले.

खुर्ची रिकामी होती. कुणी सुरुवात करेना. एकाने खाकरून पाहिलं. म्हातारे पंच डोळे मिटून तसेच बसले होते, काठीवर दोन्ही हात. त्यांना लांब जायचं होतं. बायका पदराशी चाळा करत होत्या. बिचारे अवघडून गेले होते. उठता येत नव्हतं कुणालाच.

मी पप्पांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. मला घरच्या आवाजात बोलायचं होतं. म्हणायचं होतं, देवा, माझं आता माहेरचं कुणी नाही. पण त्या आवाजाला मी हात लावला असता तर मी तिथेच कोसळले असते आणि ते लोक संध्याकाळपर्यंत बसून राहिले असते. माझ्या तोंडून दुसराच आवाज आला. पोटातून, संथ, इस्त्री केलेला. मी त्यांच्या मुलांसाठी मागितलं. आजाऱ्यांसाठी मागितलं. म्हाताऱ्या पंचांच्या गुडघ्यांसाठी मागितलं. सगळे सुखरूप घरी पोचावेत म्हणून मागितलं. तो आवाज मला धरून उभा होता, आणि इतकी वर्षं मी त्याला खोटा म्हणत होते.

आमेन झालं. लोक सुटल्यासारखे उठले. दारात चपलांची शोधाशोध झाली. पंच जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, किती धीराची आहेस. अगदी वडिलांसारखी."

मग सगळे गेले. तू कशी आहेस, असं मला एकानेही विचारलं नाही. मी विचारूच दिलं नव्हतं.